‘तू मला सोडव’ : एका मागणीचा मागोवा

परभणीच्या जिंतूर रस्त्यावरच्या एका शेतात जानेवारीच्या उन्हात आम्ही हुरडा खायला बसलो होतो. आगटीतून काढलेलं कणीस तळहातावर चोळता चोळता माझा शाळेपासूनचा मित्र म्हणाला, “माह्यावर बापासारखी पाळी आली तर तू मला सोडव. तुला आजच सांगून ठिवतो.” त्याचे वडील चौदा महिने अंथरुणावर होते. शेवटचे चार महिने नाकातून नळी होती, बोलणं नव्हतं, ओळख नव्हती. मी काहीच उत्तर दिलं नाही. कुणीतरी माझ्या हातावर गरम दाणे ठेवले आणि विषय पावसाकडे गेला.

ही मागणी मात्र माझ्या मनातून गेली नाही. मित्राने मित्राला सोडवावं का? सोडवणं म्हणजे नेमकं काय करणं? आणि हे त्याने माझ्याकडेच का मागितलं? बायको आहे, दोन मुलगे आहेत, भाऊ आहे. म्हणून या मागणीचा माग काढत जितकं मागे जाता येईल तितकं गेलो.

सुरुवात शब्दापासून करतो. आपल्याकडे दावणीचं जनावर सोडवतात, सावकाराकडून शेत सोडवतात, जामिनावर माणूस सोडवतात. आणि बरेच दिवस खितपत पडलेला माणूस गेला की गल्लीतली बाई पदर डोळ्याला लावून म्हणते, “सुटला बिचारा.” सुटला म्हणतो, तेव्हा सोडवणाऱ्याचं नाव आपण घेत नाही. फार तर देवाने सोडवलं म्हणतो. माझ्या मित्राने त्या रिकाम्या जागी माझं नाव घातलं. ‘दयामरण’ आणि ‘इच्छामरण’ हे शब्द आपण वर्तमानपत्रात वाचतो, सभांमध्ये बोलतो. खाटेजवळ उभं राहिलेलं माणूस ते उच्चारत नाही. तिथे ‘नळ्या काढा’, ‘घरी न्या’, ‘हाल थांबवा’ हीच भाषा चालते. डॉक्टरही खालच्या आवाजात “आता घरी नेऊन सेवा करा” एवढंच सांगतात आणि त्यात काय सांगितलं हे सगळ्यांना कळतं.

मागे जाताना पहिला मुक्काम जवळच लागला. नरसी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. आज ते हिंगोली जिल्ह्यात आहे, पण १ मे १९९९ला हिंगोली वेगळा झाला, त्याआधी ते परभणीतच होतं. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदीला संजीवन समाधी घेतली, तेव्हा नामदेव पंचविशीत होते. तो प्रसंग आपल्याला कळतो तो मुख्यतः नामदेवांच्या नावावरच्या समाधीच्या अभंगांतून. ठरवून घेतलेला निरोप मित्राने जवळून पाहिला आणि लिहून ठेवला, असं मराठीतलं पहिलं मोठं लेखन मला हेच वाटतं. समाधी आणि दयामरण एक नव्हे, हे स्पष्ट सांगतो. ज्ञानेश्वरांना कुठला रोग नव्हता आणि कुणी त्यांना मारलं नाही. मला बघायचं होतं ते वेगळंच : त्या दिवशी मित्राच्या वाट्याला कोणतं काम आलं? परंपरा सांगते की नामदेवांच्या मुलांनी समाधीची जागा झाडून काढली, निवृत्तिनाथांनी शिळा लावली आणि नामदेव रडले. मित्राने थांबवलं नाही आणि ढकललंही नाही. जागा साफ केली, सोबत चालत गेला, मागे उरला आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं.

जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या टेकडीवर गेलात तर दुसरा धागा सापडतो. तिथल्या गुहांमध्ये तीर्थंकरांच्या भव्य मूर्ती आहेत. दिगंबर जैनांच्या सल्लेखनेत अन्नपाणी टप्प्याटप्प्याने सोडणाऱ्या साधकाजवळ एक माणूस नेमलेला असतो, त्याला निर्यापक म्हणतात. ‘भगवती आराधना’ या प्राचीन ग्रंथात तर अठ्ठेचाळीस निर्यापकांची व्यवस्था सांगितली आहे. कुणी कूस बदलायची, कुणी धर्म ऐकवायचा, कुणी दारात थांबून गर्दी आवरायची. मरणाऱ्याचं मन डळमळू नये, त्याला पश्चात्तापात किंवा भीतीत एकटं मरावं लागू नये, यासाठी हा सगळा खटाटोप. निर्यापक हात लावतो तो सेवेसाठी. मरण आणायला त्याचा हात लागत नाही. राजस्थान उच्च न्यायालयाने २०१५च्या ऑगस्टमध्ये संथारा, म्हणजे हीच सल्लेखना, हा गुन्हा ठरवला आणि त्याच महिन्याच्या अखेरीला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. वाद आजही मिटलेला नाही. पण मरणाजवळच्या मित्राला कामं वाटून देणारी इतकी बारीक व्यवस्था मला दुसरीकडे कुठे दिसली नाही.

या दोन्ही ठिकाणी मरणारा माणूस शुद्धीत आहे आणि निर्णय त्याचा स्वतःचा आहे. बोलूच न शकणाऱ्याचं काय, हा प्रश्न तिथे उभाच राहत नाही. तो पुढे उभा राहिला, आधी एका जनावराच्या निमित्ताने. १९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू वेदनेने तडफडत होतं आणि वाचण्याची आशा नव्हती. गांधीजींनी डॉक्टर बोलावून सुई देऊन त्याला मरण दिलं. देशभरातून संतापाची पत्रं आली. त्यांनी माघार घेतली नाही. टोकाच्या प्रसंगी माणसाच्या बाबतीतही हाच धर्म ठरू शकतो, असंही त्यांनी लिहिलं. आमच्याकडे बैल पाय मोडून पडतो तेव्हा मालक काय करतो, हे ज्याने पाहिलं आहे त्याला त्या पत्रांमधला राग आणि गांधीजींचा निर्णय, दोन्ही कळतील. तो माणूस गोठ्यात रात्र रात्र बसून राहतो, पण स्वतःच्या हाताने काही करत नाही.

त्याच शतकात महाराष्ट्राने दोन मोठी माणसं अन्न सोडून गेलेली पाहिली. सावरकरांनी १९६६च्या फेब्रुवारीत अन्न-औषध बंद केलं आणि २६ फेब्रुवारीला ते गेले. आत्महत्या आणि आत्मार्पण यांतला फरक त्यांनी आधीच लिहून ठेवला होता. विनोबा १५ नोव्हेंबर १९८२ला पवनारला गेले, तेही अन्न, पाणी आणि औषध नाकारून. दोघांच्या भोवतालच्या माणसांनी जे केलं, त्याला कायद्यात तेव्हा नाव नव्हतं. त्यांनी त्या दोघांचा शब्द मानला.

पश्चिमेकडे या मागणीत मित्र थेट नावानिशी येतो. स्वित्झर्लंडच्या नव्या दंडसंहितेचा मसुदा १९१८ साली मांडताना तिथल्या सरकारने म्हटलं होतं की आत्महत्येला केलेली मदत निःस्वार्थही असू शकते, ते मैत्रीचं कृत्य असू शकतं. म्हणून तिथे १९४२पासून लागू असलेल्या कायद्यात स्वार्थी हेतूने केलेल्या मदतीलाच शिक्षा आहे. म्हणजे सगळ्या जगातून लोक आज ज्या कायद्यासाठी तिकडे जातात, त्याच्या मुळाशी डॉक्टर नव्हता, मित्र होता. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये २००२ साली कायदे लागू झाले ते मात्र डॉक्टरांपुरते.

आणि मनोविश्लेषक फ्रॉइडची गोष्ट. जबड्याच्या कर्करोगाने तो सोळा वर्षं बेजार होता. माक्स शूर हा तरुण डॉक्टर त्याच्याकडे येऊ लागला तेव्हाच फ्रॉइडने त्याच्याकडून शब्द घेतला की वेळ आली की मला विनाकारण हाल सोसू द्यायचे नाहीत. दहा वर्षांनी, १९३९च्या सप्टेंबरात लंडनमध्ये, त्याने शूरला त्या शब्दाची आठवण दिली आणि मुलगी ॲनाला सांग, असंही म्हटलं. शूरने मॉर्फिन दिलं. या गोष्टीशी मी बराच वेळ थांबलो. शूरला गुन्हेगार म्हणायला माझी जीभ वळत नाही. पण त्याच्याजवळ काय काय होतं ते मोजावं लागतं : दहा वर्षांपूर्वी दिलेला शब्द, मरणाऱ्याने स्वतः शुद्धीत काढलेली आठवण, घरच्यांना सांगितलेली गोष्ट आणि रोगाचं पूर्ण ज्ञान. हुरडा खाताना निघालेल्या एका वाक्यात यातलं काय होतं?

आपला कायदा या बाबतीत सरळ आहे. १८६०च्या दंडसंहितेत एक अपवाद होता आणि नव्या न्यायसंहितेतही तो कायम आहे. अठरा वर्षांवरच्या माणसाने स्वतःच्या मरणाला संमती दिली असेल, तर त्याला मारणं खुनाऐवजी सदोष मनुष्यवधात मोडतं. शिक्षा कमी होते, गुन्हा राहतोच. १९८६च्या दुबळ खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं कलम रद्दबातल केलं. ते करतानाच न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी रेघही मारली : दयामरणात दुसऱ्याचा हात असतो, म्हणून तो वधच. पुढे १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही असं ठरवलं आणि ते कलम पुन्हा उभं राहिलं. पण सावंतांची ती रेघ कुणी पुसली नाही. मुंबईत मिनू मसानी यांनी १९८१ साली सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था काढली होती. प्रा. सदानंद वर्दे यांनी १९८५ साली उपचार थांबवणाऱ्या डॉक्टरांना संरक्षण देणारं अशासकीय विधेयक राज्याच्या विधिमंडळात आणलं होतं. त्याचा कायदा झाला नाही.

इथवरचा माग पुस्तकांतून काढता येतो. पुढची गोष्ट परळच्या एका खोलीतली आहे आणि माझ्या मित्राच्या मागणीला सर्वांत जवळची तीच आहे.

अरुणा शानभाग कारवार किनाऱ्यावरच्या हळदीपूरची. मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३च्या संध्याकाळी तिथल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळून तिच्यावर अत्याचार केला. मेंदूचा प्राणवायू तुटला. सकाळी ती सापडली तेव्हा जिवंत होती आणि त्यानंतर साडेएकेचाळीस वर्षं जिवंत राहिली, चार नंबरच्या वॉर्डाशेजारच्या खोलीत. हल्लेखोराला चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली. अत्याचाराचा आरोप ठेवलाच गेला नाही. तिचं ज्याच्याशी लग्न ठरलं होतं तो काही वर्षं येत राहिला, मग त्याचा संसार झाला. नातेवाइकांचं येणं हळूहळू थांबलं.

त्या खोलीत मग काय राहिलं, ते जवळून बघा. रोज कुणीतरी तिला अंघोळ घालतं. भात-भाजी कुस्करून, चमच्याने, तोंडात घास विरघळेपर्यंत थांबून भरवतं. मासे दिले की ती आवडीने खाते, असं परिचारिका सांगत. दर काही तासांनी कूस बदलली जाते. ती ओरडली तर कुणीतरी हात धरून बसतं. १ जूनला वाढदिवस होतो. ज्यांनी तिला शिकवलं त्या निवृत्त झाल्या, ज्यांच्याबरोबर ती शिकली त्याही निवृत्त झाल्या आणि जिने तिला चालताना कधी पाहिलंच नव्हतं अशी नवी मुलगी पहिल्या दिवशी वरिष्ठांबरोबर त्या खोलीत आली. सदतीस वर्षांत तिच्या अंगावर एकही शय्याव्रण झाला नाही, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे. ज्याने घरात महिनाभर अंथरुणावरचं माणूस सांभाळलं आहे त्याला या एका ओळीचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. ऐंशीच्या दशकात महापालिकेने तिला तिथून हलवायचं ठरवलं, तेव्हा परिचारिकांनी काम बंद केलं आणि पालिकेला माघार घ्यावी लागली.

२००९ साली पत्रकार पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९९८ साली त्यांनी अरुणावर पुस्तक लिहिलं होतं. तिला भरवणं थांबवावं आणि शांतपणे जाऊ द्यावं, ही त्यांची मागणी. अरुणा स्वतः अर्ज करू शकत नव्हती, म्हणून विराणींनी तिच्या वतीने केला. स्वतःची बाजू मांडू न शकणाऱ्याच्या वतीने जो उभा राहतो त्याला कायद्याच्या मराठीत ‘वादमित्र’ म्हणतात. शब्द जुना आहे, अज्ञान मुलांच्या जमिनीच्या दाव्यांत रोज वापरला जाणारा. त्या खटल्यात मात्र तो शब्दशः खरा करून दाखवावा लागला. न्यायालयापुढे प्रश्न आला : हिचा मित्र कोण?

तीन डॉक्टरांनी तिला तपासलं : जे. व्ही. दिवेटिया, रूप गुरसहानी आणि नीलेश शाह. ७ मार्च २०११ला न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि ज्ञानसुधा मिश्रा यांनी निकाल दिला. विराणींच्या तळमळीचं त्यांनी कौतुक केलं. पण मित्र म्हणून मान दिला तो केईएमच्या कर्मचाऱ्यांना, कारण इतकी वर्षं रात्रंदिवस त्यांनी तिला सांभाळलं. त्यांना ती जगायला हवी आहे, म्हणून ती जगेल. त्यांचं मत कधी बदललं, तर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाकडे यावं. आणि याच निकालाने भारतात पहिल्यांदा, न्यायालयाच्या परवानगीने का होईना, उपचार काढून घेऊन मरण येऊ देण्याची वाट उघडली. त्या दिवशी केईएममध्ये मिठाई वाटली गेली.

मी या निकालाशी अर्धा सहमत आहे. मैत्री कामावरून ओळखायची, हे मला पटतं. गंगाखेडच्या जनाबाईच्या कथेत देव येतो तोही तिच्यासोबत जात्यावर बसतो, दळण दळतो, शेण्या वेचतो. आमच्या भागातल्या बायका सख्याची ओळख तिथूनच सांगतात. जो मेहनतीत वाटेकरी झाला, त्याला बोलायचा अधिकार. पण मेहनत करणाऱ्याला रुग्ण हवासा होतो, हेही तितकंच खरं आहे. परिचारिकांना अरुणा हवी होती. अरुणाला काय हवं होतं, हे त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं, कारण पंचविशीतल्या निरोगी मुलीला ते विचारायचं कुणाला सुचणार? विराणींनी तिच्या यातना पाहिल्या, परिचारिकांनी तिचा घास पाहिला. दोघींचं प्रेम खरं, आणि दोघींपैकी कुणाकडेही तिचा शब्द नव्हता. मित्राने मित्राला मारणं योग्य का, या प्रश्नाचं माझं उत्तर या खोलीने ठरवलं. शब्द नसताना दयेने उचललेला हात कितीही जवळचा असला, तरी तो दुसऱ्याच्या आयुष्याचा अंदाज बांधतो, आणि तो अंदाज चुकला तर दुरुस्त करता येत नाही. सांभाळून थकलेल्या माणसाला आपली थकावट कुठे संपते आणि दया कुठे सुरू होते हे कळत नाही. माझ्या मित्राला बापाच्या चौदाव्या महिन्यात ते कळत नव्हतं. त्याने हे मला नंतर स्वतः सांगितलं, आणि ते सांगताना तो रडला.

अरुणा १८ मे २०१५ला न्यूमोनियाने गेली. अंत्यविधीच्या वेळी नातेवाईक आले, परिचारिकांनी आक्षेप घेतला. शेवटी भोईवाड्याच्या स्मशानात रुग्णालयाचे अधिष्ठाता आणि नातेवाईक, दोघांनी मिळून विधी केले. हिचं आपलं कोण, हा प्रश्न चितेपर्यंत तिच्यासोबत गेला.

या मागाचं आजचं टोक एका कागदावर येऊन थांबतं. ९ मार्च २०१८ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला आणि वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागत होती, म्हणून ते कुणी फारसं केलंच नाही. २४ जानेवारी २०२३च्या आदेशाने वाट सोपी झाली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आपण बोलू शकलो नाही तर आपल्या वतीने कोण बोलेल, त्यांची नावं त्यात लिहायची. एकाहून अधिक लिहिता येतात. वेळ आली की रुग्णालयाचं एक वैद्यकीय मंडळ आणि त्यावर दुसरं मंडळ, अशी दोन्ही मतं जुळल्यावरच उपचार थांबतात. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं आहे. विषाची सुई यात कुठेही नाही, ती आजही गुन्हा आहे. ३१ मे २०२४ला गोव्यात न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र नोंदवून तिथली सुरुवात केली. आपल्याकडे मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केल्यावर राज्यभरच्या नागरी संस्थांत अशी इच्छापत्रं जपून ठेवणारे ४००हून अधिक अधिकारी नेमले गेले.

आदेशात शब्द आहेत ‘पालक’ आणि ‘जवळचे नातेवाईक’. ‘मित्र’ हा शब्द नाही. पण आपला विश्वास ज्याच्यावर आहे त्याला पालक म्हणून नेमण्याची वाट त्यात आहे, असं मी वाचतो. माझ्या मित्राची मागणी त्या जागी बसते.

म्हणून संक्रांतीनंतर मी त्याच्या घरी गेलो आणि उत्तर दिलं. म्हणालो, “गड्या, माझा हात मी लावणार नाही. ते माझ्याकडून होणार नाही आणि ते योग्य आहे असं मला वाटतही नाही. पण तू शुद्धीत असताना काय म्हणालास ते मी विसरणार नाही, कुणाला विसरू देणार नाही, आणि तुझ्या पोरांनी रागाने बघितलं तरी डॉक्टरांपुढे उभं राहून सांगेन. त्याआधी तुझी कूस बदलायला येईन. तेवढं तू लिहून दे.” तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने बायकोला हाक मारली आणि म्हणाला, हिलाही इथं बसू दे, हिच्यासमोर बोलू. त्या संध्याकाळी तिघांनी मिळून वहीच्या पानावर पहिली यादी केली. छातीवर दाब देऊन परत आणायचं का, यावर तो ‘नाही’ म्हणाला. नाकातल्या नळीवर त्याचं मत त्या दिवशी ठरलं नाही. वेदनेच्या औषधावर तिघांचंही लगेच ‘हो’ झालं.

वाचकहो, परभणीत महानगरपालिका आहे, जिल्हा रुग्णालय आहे, आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. महापालिकेत जाऊन विचारा की वैद्यकीय इच्छापत्र जपून ठेवणारा अधिकारी कोण. नाव मिळालं नाही तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आणि ज्या मित्राने तुम्हाला कधीतरी ‘मला सोडव’ असं म्हटलं असेल, त्याच्याकडे तो धडधाकट आहे तोवर जा.